अक्काला दिलेलं उत्तर

पेशीच्या सांगाड्यावर अकरावीच्या पुस्तकात जेमतेम दोन परिच्छेद आहेत. लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या एका खासगी शिकवणीत मी गेली एकोणीस वर्षं तेच दोन परिच्छेद शिकवतोय. सकाळी सहाच्या बॅचला जे सांगायचं तेच आठच्या बॅचला, तेच अकराच्या, आणि दुपारी जेवून पेंगुळलेल्या पोरांना पुन्हा तेच. परीक्षेत त्यावर फार तर एक प्रश्न येतो, तोही येईलच असं नाही. चार पर्याय असतात. एक गोल काळा करायचा आणि पुढं व्हायचं. उत्तर चुकलं तर गुण कापतात, म्हणून पहिल्या दिवसापासून मी पोरांकडून एक गोष्ट घोकून घेतो: येत नसेल तर प्रश्न सोडून द्या, अंदाजपंचे दाहोदरसे करू नका. ही शिस्त मी हजारो पोरांना लावली असेल. स्वतःला लावली नाही, आणि मला आज तेच सांगायचं आहे.

आधी तो सांगाडा. पोरांना वाटतं पेशी म्हणजे पाण्याची पिशवी. तसं असतं तर आपण सगळे भुईवर सांडलो असतो. पेशीच्या आत प्रथिनांचे बारीक धागे असतात, नळ्या असतात, पीळ घातलेल्या दोऱ्या असतात. त्यांच्या जोरावर पेशी आकार धरते आणि शेजारणीला घट्ट धरून राहते. पण हा काही हाडांसारखा पक्का सांगाडा नाही. तो सारखा उसवतो आणि सारखा नव्यानं विणला जातो. ज्या बाजूला धागे वाढतात त्या बाजूनं पेशीचं कातडं पुढं ढकललं जातं, तिला पाय फुटल्यासारखं होतं. तो पाय पुढं टेकतो, खालचं धरून ठेवतो, मग मागचे धागे आकसतात आणि उरलेलं अंग पुढं ओढलं जातं. की पुन्हा पुढचा पाय.

हे मी वर्गात करून दाखवायचो. फळ्यासमोरच्या चौथऱ्यावर एक पाय लांब टाकायचा, भिंतीला हाताचा पंजा चिकटवायचा आणि मागचा पाय फरफटत आणायचा. माझं पोट सुटल्यावर तर ते जास्तच मजेशीर दिसायला लागलं. पोरं हसायची, झोपलेली जागी व्हायची. मग हसू ओसरलं की मी आवाज खाली आणायचो आणि म्हणायचो, कर्करोगाची पेशी अशीच निघते. शेजारणींचे हात सोडते, आतले धागे नव्या तऱ्हेनं लावते, पाय फोडते, खालचा पडदा त्याच पायांनी विरघळवते आणि चालायला लागते. गाठ असते तिथंच राहिली तर माणूस सहसा मरत नाही, गाठ चालायला लागली की मरतो. एवढं म्हटलं की वर्ग चिडीचूप व्हायचा. मला ती शांतता आवडायची, हे कबूल करतो. पेंगणाऱ्या पोरांना उठवायला मी कर्करोग वापरला.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिला कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. मी अकरावी-बारावीला नांदेडला खोली करून राहिलो तेव्हा माझा जेवणाचा डबा तिच्या सासरहून यायचा. आमच्याकडे ही रीत आहे. गावातली बाई पहाटे उठून डबा भरते, फाट्यावर एसटीच्या कंडक्टरकडं देते, आणि शहरातलं पोर स्टँडवर येऊन डब्यांच्या ढिगातून आपला ओळखून घेतं. माझ्या डब्याला अक्का लाल चिंधी बांधायची. दोन वर्षं, एक दिवस चुकला नाही. तिला लेकरू झालं त्या आठवड्यात तिच्या सासूनं डबा केला, पण चिंधी अक्कानंच बांधून दिली होती, असं नंतर कळलं. मी शिकलो ते त्या डब्यावर, यात अतिशयोक्ती नाही.

अक्का मिसरी लावायची. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या निम्म्या बायका लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची, आणि मग ती सकाळ अकरापर्यंत लांबायची. तिची डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. ती डबी मी तीस वर्षं पाहिली. सुट्टीला गेलो की तिच्या शेजारी ओट्यावर बसून चहा प्यायलो, आणि ती डबी पाहिली. लातूरला परत येऊन पोरांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवले. घरात मात्र कधी तोंड उघडलं नाही. एकदा म्हणालो होतो, ‘सोड गं आता ते.’ ती म्हणाली, ‘तू चहा सोड, मी हे सोडते.’ आम्ही दोघं हसलो, विषय संपला. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

गेल्याच्या आदल्या आषाढात तिच्या उजव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळ एक छाला झाला आणि बराच होईना. तिखट लागलं की ती डोळे मिटून घेते, हे पहिल्यांदा सुनेच्या लक्षात आलं. सून हुशार. तिनं मुलाला सांगून सासूला कंधारला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की नांदेडला जा, तुकडा काढून तपासायला द्या, आणि याच आठवड्यात जा.

त्या दिवशी दुपारी दोन बॅचच्या मधल्या वेळात अक्काचा फोन आला. मी शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर पाय पसरून बसलो होतो, घसा बसलेला होता. आमच्या घराण्यात कुणाचंही काही दुखलं तरी आधी मला फोन होतो. मी डॉक्टर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण डॉक्टर घडवणारा म्हणजे डॉक्टरच्याही वरचा, असा त्यांचा हिशेब. बैल लंगडला तरी मला विचारतात.

‘आरं, तुकडा काढा म्हणायलेत,’ ती म्हणाली. ‘तुकडा काढला की पसरतंय म्हणतेत लोकं. आमच्या शेजारच्या काकूचं तसंच झालं. चाकू लागला अन् दोन महिन्यांत गेल्या बग.’

ही समजूत मला नवी नव्हती. चाकू लागला की पसरतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. खरं म्हणजे काकू दगावल्या त्या दवाखान्यात उशिरा गेल्या म्हणून. मला चीड आली, पण अक्कावर चिडण्याची पद्धत नाही. मग मी जे रोज करतो तेच केलं. शिकवलं. पेशीच्या आत सांगाडा असतो, तो उसवतो, विणतो, तिला पाय फुटतात, ती आपल्या आपण चालते, चाकूनं चालत नाही, सगळं सांगितलं. बसल्या घशानं, पण झकास सांगितलं. अक्का शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण कान देऊन ऐकणारी. मधे एकदाही बोलली नाही. माझं संपल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्या एकोणीस वर्षांत कुठल्याही पोरानं विचारलेल्या प्रश्नाहून नेमका होता.

‘मग माझं आता चालायलंय का जाग्यावर हाय?’

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. ते कुणालाच फोनवर ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते शोधायलाच तर तुकडा काढायचा होता. पण दारात पुढच्या बॅचची पोरं जमायला लागली होती, आणि अक्काच्या आवाजात बारीक कंप होता, तो मला सहन होईना. मी म्हणालो, ‘जागेवर आहे गं अक्का. काळजी करू नकोस.’

‘हाव ना?’

‘हो. पण तुकडा काढून घे.’

‘काढते की. जाग्यावर हाय म्हणलास, मग आधी महालक्ष्म्या होऊन जाऊ दे. तोंडात टाके घेऊन मी सोवळ्यात कशी जाऊ? महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या दिशी जाते.’

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, भाद्रपदात. मधे जवळजवळ दोन महिने होते. इथं मी ओरडायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की अक्का, मी थाप मारली, उद्याच नीघ. पण मग थाप मारली हे सांगावं लागलं असतं. शिवाय माझ्या मनानंही तोवर माझंच उत्तर खरं धरलं होतं. छाला लहान आहे, दुखणं नवं आहे, असेल जागेवर. माणूस स्वतःच्याच वर्गात बसून स्वतःचंच ऐकायला लागला की असं होतं. त्यात आमच्या सराव परीक्षा तोंडावर होत्या. मी ‘बरं’ म्हणालो आणि वर्गावर गेलो.

सूनबाईनं मला आठवड्यानं वेगळा फोन केला होता. ‘मामा, तुम्ही सांगितलं म्हणून आत्याबाई ऐकेनात. तुम्हीच सांगा ना जायला.’ मी सांगतो म्हणालो. सांगितलंही, पण तोंडदेखलं. अक्का म्हणाली, ‘तूच म्हणलास ना जाग्यावर हाय?’ त्यावर मी ‘बरं, बघ’ म्हणून फोन ठेवला.

महालक्ष्म्यांना मी दरवर्षी अक्काकडं जातो. अहमदपूर, लोहा, तिथून कंधारची गाडी, पुढं जीप. माझं तिथलं काम ठरलेलं आहे. माळ्यावरून दोन लोखंडी सांगाडे खाली काढायचे, त्यांचे पाय पुसायचे, नटबोल्ट आवळायचे. त्यावर कापडी कोथळे चढवायचे, आत धान्य भरायचं, हात बसवायचे. मग बायका साड्या नेसवतात, दागिने घालतात, शेवटी मुखवटे ठेवतात, आणि मघापर्यंत गंजका लोखंडी पाइप होता हे कुणाला खरंसुद्धा वाटणार नाही अशा थोरली आणि धाकटी समोर उभ्या राहतात. एकदा त्यांची स्थापना झाली की तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी धक्का लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांना जागेवरून जरासं हलवतात. हलवलं की त्या निघाल्या.

त्या वर्षी अक्काला पाहिलं, तर ती वाळली होती. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, सगळं तिनं सुनेला पुढं घालून जिथल्या तिथं करवून घेतलं. पन्नासएक माणूस जेवून गेलं. ती स्वतः बसली ती सगळ्यात शेवटी, आणि तिनं आंबील प्यायली. पुरणपोळी दुधात कुस्करून डाव्या बाजूनं गिळली. मी तिच्यासमोर बसलो होतो. ती माझ्याकडं बघून हसली तेव्हा तोंड पुरतं उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली. अक्कानं हळदीकुंकू वाहिलं, दोघींच्या ओटीत दहीभात ठेवला आणि थोरलीच्या सांगाड्याला दोन्ही हातांनी धरून बोटभर सरकवलं. मग धाकटीला. मग घाम पुसत माझ्याजवळ आली, माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं आणि माझं बोट स्वतःच्या जबड्याखाली, उजव्या बाजूला टेकवलं.

‘हे बग बरं काय हाय. पोळ्याच्या वक्ताला आलंय.’

कातडीखाली एक गाठ होती. भिजलेल्या हरभऱ्याएवढी, घट्ट, न हलणारी. मी बोट काढून घेतलं नाही, कारण काढलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. गालापासून तिथवरची वाट मला पाठ होती. दरवर्षी फळ्यावर काढतो, बाण काढून. बाहेर बायका उरलेला फुलोरा वाटून घेत होत्या, आणि अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कळलं असावं. तिनं पदर नीट केला आणि ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडला होतो. तिनं शब्द पाळला होता. तुकडा काढला, रिपोर्ट आला, स्कॅन झालं. डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या, आणि माझ्याइतक्याच दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी कागदावर गाल, जबडा आणि मान काढून दाखवली. गालाचा आतला भाग जाईल, जबड्याचं थोडं हाड जाईल, मानेतल्या गाठी सगळ्या काढाव्या लागतील, मग किरणांचा शेक, आणि सोबत किमो. अक्का कागदाकडं बघत होती. तिनं विचारलं, ‘बोलता येतंय का मंग?’ बाई म्हणाल्या, ‘येईल. पहिल्यासारखं नाही.’

अक्काला आणि सुनेला बाहेर बसवून मी पुन्हा आत गेलो. मी काय करतो ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या हाताखालचे दोघे लातूरलाच शिकलेले आहेत. मी विचारलं, ‘दोन महिन्यांपूर्वी आलो असतो, तर मानेत गेलं नसतं ना?’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘सर, ते सांगता येत नाही. तेव्हाच गेलेलं असू शकतं. नसूही शकतं. मला माहीत नाही.’

मला ते उत्तर आवडलं नाही. मला हो तरी हवं होतं नाहीतर नाही तरी. हो म्हणाल्या असत्या तर मी रडलो असतो, नाही म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. पण त्यांना जे येत नव्हतं ते त्यांनी कोरं सोडून दिलं, अगदी मी पोरांना सांगतो तसं. जे त्यांनी एका अनोळखी माणसाला सांगितलं, तेवढंच मी माझ्या बहिणीला सांगायला हवं होतं.

ऑपरेशन आठ तास चाललं. मांडीचं मांस आणि कातडी घेऊन गालाच्या आतून लावली. पंधरा दिवस नाकातल्या नळीतून तिला पेज आणि दूध दिलं. मी शिकवणीत रजा टाकली, पहिल्यांदाच इतकी लांब. सून दिवसा आणि मी संध्याकाळी, असं आम्ही वाटून घेतलं होतं. मांडीची वरची कातडी सोलून घेतली होती ती जागा सुरुवातीला नुसती लाल, ओली दिसायची. नर्स पट्टी बदलायची तेव्हा मी बघायचो. मग कडेनं गुलाबी कातडी आत सरकायला लागली. दर पट्टीला थोडी आणखी आत.

तिथं बसून मला एक गोष्ट उमगली, खरं तर ती मी मुखोद्गत शिकवत आलो होतो. जखमेच्या कडेच्या पेशी शेजारणींची पकड सैल करतात, आतले धागे नव्यानं लावतात, पाय फोडतात आणि उघड्या जागेवर सरकत येतात. मधोमध एकमेकींना भेटल्या की थांबतात, पुन्हा हात धरतात. तोच सांगाडा, तीच चाल. कर्करोगानं काही नवं शोधून काढलेलं नाही. तो फक्त थांबायचं विसरतो. अक्काची जखम ज्या चालीनं भरत होती, त्याच चालीनं ते दुखणं मानेत गेलं होतं. मग मी राग कोणावर धरायचा? एरवी मला राग धरायला कुणीतरी लागतं. त्या वॉर्डात फिरून फिरून मी माझ्यापाशीच यायचो.

शेक संपला, किमो संपली. किमोत एक औषध होतं, ते पेशीतल्या नळ्याच जखडून टाकतं, म्हणजे पेशीला ना वाढता येतं ना नीट हलता येतं. नळ्या रोगाच्या असोत की चांगल्या, त्याला दोन्ही सारख्याच, आणि बोटांपर्यंत जाणाऱ्या नसांच्या आतही त्याच नळ्या असतात. अक्काची बोटं बधिर झाली. गेल्या भाद्रपदात मी गेलो तेव्हा ती महालक्ष्म्यांचा दोरा घेऊन बसली होती. सोळा पदरी दोऱ्याला सोळा गाठी मारायच्या असतात. तिला एक गाठ बसेना. दोरा बोटातून निसटायचा, ती पुन्हा धरायची. सून म्हणाली, ‘आत्याबाई, द्या मी बांधते.’ अक्कानं दिला नाही. शेवटी ती दोऱ्याचं एक टोक दातात धरायला गेली, आणि उजवीकडं दात नाहीत हे तिला तेव्हा आठवलं. मग ती हसली. आता तिचं हसू एकाच बाजूनं येतं. माझ्या डब्याला चिंधी बांधणारी ती बोटं होती. मी उठून सांगाड्यांचे बोल्ट आवळायला गेलो, ते आधीच आवळून झाले होते.

मी तिला कधी सांगितलं नाही की त्या दिवशी फोनवर मी अंदाज ठोकला होता. चारदोनदा ओठांवर आलं. ती ज्वारी निवडत बसलेली असायची, मी शेजारी चहा घेऊन, खिडकीत मिसरीची डबी नसायची. त्या रिकाम्या जागेकडं बघत मी चहा संपवायचो. वर्गात आता मी तो धडा बसून शिकवतो. पाय फरफटत नाही. पोरं पेंगतात तर पेंगू देतो.

गेल्या आठवड्यात मंगळवारी, अकराची बॅच सुटली तेव्हा तिचा फोन आला. तिचं बोलणं आता जाड, ओलसर झालंय. बाहेरच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं, मला लागत नाही. आधी तिनं माझ्या बायकोची तब्येत विचारली, पोरीचं कॉलेज विचारलं. मग म्हणाली, ‘डाव्या बाजूला मानंत काहीतरी लागायलंय हाताला. बोटं बधिर हायेत, मला नीट कळत न्हाई. सूनबाईला दाखवलं. ती म्हणली हाय.’

मी हातातली वही खाली ठेवली.

‘लई बारीक हाय म्हणली.’ मग तिनं विचारलं, ‘जाग्यावर हाय का रं?’

तेच शिक्षकांच्या खोलीतलं कपाट, तीच खुर्ची, दारात पुढची बॅच. आणि जिभेवर तेच उत्तर, आयतं, गरम. दुसरं काही नसेल, सर्दीनंही गाठ येते, जागेवर आहे गं. ते म्हणायला मला एक क्षण लागला असता आणि तिचा तो दिवस बरा गेला असता. मला ते फार म्हणावंसं वाटलं. इतकं मला आयुष्यात काही म्हणावंसं वाटलं नसेल.

‘मला माहीत नाही, अक्का,’ मी म्हणालो. ‘तेव्हाही माहीत नव्हतं. उद्या पहिल्या गाडीनं येतो, नांदेडला जाऊ.’

पलीकडं अंगणात कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी बादली ठेवली. मला वाटलं ती रागावेल. निदान विचारेल की मग तेव्हा तसं कामून म्हणलास. मी त्याचं उत्तर जुळवत होतो.

‘आज खरं बोललास बग,’ अक्का म्हणाली. मग तिनं सुनेला हाक मारून फाइल पिशवीत टाकायला सांगितली.